चेहरा नवा, पण लो बीम कोणता?

पत्र: "छोटी हॅचबॅक घ्यायची आहे. मॉडेल पक्कं झालंय, घरात वाद आहे तो जुनं घ्यायचं की नवं यावर. एकीकडे फेसलिफ्टच्या, म्हणजे त्याच मॉडेलचा चेहरामोहरा कंपनीनं बदलण्याच्या आधीची, तीन वर्षं वापरलेली, एकहाती गाडी. टॉप व्हेरियंट, प्रोजेक्टर हेडलाइट, फक्त काच जरा पिवळट झाली आहे. दुसरीकडे नुकतीच आलेली नवीकोरी फेसलिफ्ट, पण मधलं व्हेरियंट. पैसे जवळजवळ सारखेच जातात. एअरबॅग सहा आणि ईएससी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) दोन्हींत आहे. नवरा म्हणतो, नवीत एलईडी आहे, विषय संपला. माहितीपत्रकातही 'एलईडी सिग्नेचर लाइट' असं लिहिलंय. मला हा नुसता मेकअप वाटतो. माझी शिफ्ट रात्री सुटते आणि घरी येतानाचा बराचसा रस्ता अंधारा आहे, मध्ये दुभाजकही नाही. सासरेसुद्धा अधूनमधून गाडी चालवतात. धाकटा दीर म्हणतो, जुनीच घ्या, मी त्यात एलईडी बल्ब टाकून देतो. काय करू?"

सप्रेम नमस्कार.

आधी माहितीपत्रकातली ती ओळ बघू, कारण तुमच्या घरातला निम्मा वाद तिथूनच निघालाय. 'सिग्नेचर लाइट' म्हणजे हेडलाइट नव्हे. हेडलाइटच्या कडेनं जाणारी, गाडी सुरू केली की दिवसाही पेटणारी पांढरी पट्टी म्हणजे डीआरएल, तिलाच कंपन्या असं गोड नाव देतात. युरोपीय संघानं फेब्रुवारी २०११ पासून नव्या मॉडेलना ती सक्तीची केली, ती समोरच्याला आपली गाडी दिसावी म्हणून. आपल्याला रस्ता दिसण्याशी तिचा काही संबंध नाही. मधल्या व्हेरियंटला पट्टी एलईडी आणि मुख्य दिवा साधा हॅलोजन, हा प्रकार इतका सर्रास चालतो की मी माहितीपत्रक हातात आलं की सरळ 'लो बीम' किंवा 'हेडलॅम्प' असं लिहिलेली ओळ शोधतो आणि आपल्या व्हेरियंटच्या रकान्यात काय आहे ते बघतो. तुमच्या पत्रात त्या ओळीचा उल्लेखच नाही. शोरूममध्ये जाऊन नेमक्या त्याच व्हेरियंटचा लो बीम, आपल्या बोलण्यातला डिपर, लावायला सांगा. हॅलोजनचा उजेड पिवळसर असतो, रंगतापमान साधारण ३२०० केल्विन. एलईडीचा ५५०० ते ६००० च्या आसपास, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा. ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. फक्त शोरूमच्या मधोमध उभी असलेली गाडी बहुतेक वेळा टॉप व्हेरियंट असते, एवढं लक्षात ठेवा.

व्हेरियंटनं किती फरक पडतो याचं एक उदाहरण देतो. अमेरिकेतल्या आयआयएचएस या वाहन-सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेनं २०१६ मध्ये पहिल्यांदा हेडलाइटना गुण द्यायला सुरुवात केली. पहिल्या फेरीत मध्यम आकाराच्या ३१ गाड्या होत्या आणि 'चांगला' हा शेरा त्यांतल्या एकाच गाडीला मिळाला, टोयोटा प्रियस व्ही. तोही तिच्या एलईडीवाल्या महागड्या पॅकेजला. तीच गाडी, तेच वर्ष, पण हॅलोजन दिव्यांची, तिला शेरा मिळाला 'वाईट'. त्याच फेरीत बीएमडब्ल्यूच्या ३ सीरिजचे हॅलोजन दिवे तळाशी होते. प्रियसच्या एलईडी लो बीममध्ये ताशी ११० किलोमीटरच्या वेगातही अडथळा वेळेत दिसत होता, बीएमडब्ल्यूच्या त्या दिव्यांत वेग ५५ च्या आसपासच ठेवावा लागला असता. तेव्हा 'या मॉडेलचे दिवे चांगले आहेत' या वाक्याला अर्थ नाही. कुठल्या व्हेरियंटचे, ते विचारायचं.

आता तुमचा मेकअपचा मुद्दा. तुम्ही बऱ्याच अंशी बरोबर आहात. फेसलिफ्टमध्ये कंपनी सहसा दारं, छप्पर, काचा आणि खालचा सांगाडा यांना हात लावत नाही, कारण पत्रा दाबायचे साचे नव्यानं करणं फार महाग पडतं. बदलतात ते पुढचा-मागचा बंपर, ग्रिल, दिवे, अलॉय आणि आत स्क्रीन. माझी सोपी तपासणी अशी: दोन्ही गाड्या बाजूनं बघा. दाराच्या हँडलपासून मागच्या छोट्या काचेपर्यंत फरक सापडत नसेल, व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचा आकडा तोच असेल, तर जाहिरातीत कितीही मोठ्या अक्षरांत 'ऑल न्यू' लिहिलेलं असो, गाडी जुनीच आहे.

गाडी जुनीच आहे हे काही दूषण नाही. फक्त नव्या चेहऱ्यावरून आतल्या मजबुतीचा अंदाज बांधू नये. फियाटची ग्रांदे पुंटो २००५ मध्ये आली तेव्हा गाड्या धडकवून सुरक्षितता तपासणाऱ्या युरो एनकॅपच्या चाचणीत तिला पाच तारे मिळाले होते. पुढे २००९ मध्ये ती पुंटो इव्हो झाली, २०१२ मध्ये परत नुसती पुंटो. चेहरा दोनदा बदलला. २०१७ मध्ये तीच गाडी पुन्हा तपासली तर शून्य तारे. दरम्यान चाचण्या कितीतरी कडक झाल्या होत्या आणि चालकाला मदत करणाऱ्या नव्या यंत्रणा तिच्यात नव्हत्या. म्हणून ताऱ्यांशेजारी चाचणीचं साल वाचायचं. तुमच्या बाबतीत एअरबॅग आणि ईएससी दोन्हींत आहे, सांगाडाही तोच असणार, तेव्हा हा मुद्दा बरोबरीत सुटला असं मी धरतो.

कधी कधी फेसलिफ्ट खरंच कामाची असते, हेही सांगितलं पाहिजे. आठव्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये तापमान आणि आवाज कमी-जास्त करायच्या स्पर्शपट्ट्यांना उजेडच नव्हता. रात्री चाचपडत बसायचं. २०२४ च्या फेसलिफ्टमध्ये त्या पट्ट्यांत दिवे आले आणि स्टिअरिंगवर पुन्हा दाबायची खरी बटणं आली. ज्याला रात्री गाडी चालवायची आहे त्याच्यासाठी हा बदल नव्या ग्रिलपेक्षा कितीतरी मोठा. तुमच्या दोन्ही गाड्यांत एसीचा नॉब आहे की तोही स्क्रीनमध्ये गेलाय, ते बघून घ्या. आणि उलट बाजूही तपासा. नवीन येताना जुन्यातलं काय काढून टाकलं? पुढचे फॉग लॅम्प हमखास जातात. कधी मागचा वायपर, कधी बॉनेटखालचं अस्तर. याची यादी कुठलीच कंपनी छापत नाही. दोन्ही माहितीपत्रकं शेजारी ठेवून आपणच करायची.

तर मग दिव्यांकडे. तुमचा अंधारा, दुभाजक नसलेला रस्ता वाचला आणि मला वाटलं, या घरात निर्णय दिव्यांवरच व्हायला हवा. समोरून सतत गाड्या येत असतील तर अप्पर, म्हणजे लांबवर जाणारा हाय बीम, लावायला मिळतच नाही, म्हणजे सगळी मदार लो बीमवर. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरा, तेवढ्यात ३३ मीटर गेले. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावून थांबायला आणखी ३५. झाले जवळजवळ ७० मीटर. साध्या हॅलोजन लो बीममध्ये गडद कपड्यातला माणूस ५०-६० मीटरवर दिसला तरी नशीब म्हणायचं. ६० च्या वेगाला हीच बेरीज ४५ मीटरवर येते.

हा पल्ला दिव्याच्या ताकदीइतकाच त्याच्या उंचीवर आणि झुकावावर ठरतो, आणि इथे फेसलिफ्टनं गंमत केलेली असू शकते. लो बीम किंचित खाली झुकवलेला असतो, साधारण एक टक्का, म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल तर उजेडाची वरची कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. आता हल्लीची फॅशन अशी की वर बारीक डीआरएल आणि मुख्य दिवा खाली बंपरात. तोच दिवा ५५ सेंटिमीटरवर आला की हिशेबानं दहा मीटर गेले. नियमाप्रमाणे यात काही चूक नाही, संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत लो बीमची किमान उंची ५० सेंटिमीटरच आहे. शिवाय खाली आला की चिखल जास्त बसतो आणि पार्किंगमधला पहिला धक्काही त्यालाच. तुमच्या नव्या गाडीचा दिवा कुठे बसवलाय ते टेप घेऊन मोजा. सेल्समन हसेल, हसू दे.

प्रोजेक्टर म्हणजे आपोआप चांगला, हाही समज तितकाच कच्चा. प्रोजेक्टरमध्ये बल्बचा उजेड एका बिंदूकडे गोळा होतो, मध्ये एक पत्र्याची आडपट्टी त्याचा काही भाग अडवते आणि पुढचं भिंग उरलेला उजेड रस्त्यावर फेकतं. त्या आडपट्टीमुळे उजेडाची वरची कड सुरीनं कापल्यासारखी येते, समोरच्याला त्रास कमी होतो, रस्त्यावर उजेड सारखा पसरतो. पण अडवलेला उजेड वाया जातो तो जातोच. रिफ्लेक्टरवाल्या, म्हणजे भिंगाऐवजी मागच्या आरशासारख्या भागानं उजेड पुढे फेकणाऱ्या दिव्यात बऱ्याचदा एच४ बल्ब असतो, त्याच्या लो बीमच्या तारेखाली एक इवलीशी वाटी असते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा वरचा भागच कामी येतो. एच४ चा लो बीम साधारण १००० ल्युमेन (उजेडाचं माप). प्रोजेक्टरमध्ये बहुधा एच७ सारखा बल्ब असतो, तो साधारण १५०० चा. सुरुवात जास्तीनं, वाटेत गळतीही जास्त. चांगला रिफ्लेक्टर सुमार प्रोजेक्टरला सहज मागे टाकतो. त्या धारदार कडेचा एक तोटाही आहे: खडबडीत रस्त्यावर ती वरखाली नाचते आणि तिच्यावरचा भाग काळाकुट्ट दिसतो, म्हणजे चालणाऱ्या माणसाचे पाय दिसतात, बाकीचा माणूस नंतर.

आता दिराचा एलईडी बल्ब. त्यांचा हेतू चांगला आहे, पण हे काम त्यांना करू देऊ नका. हॅलोजन दिव्याचा रिफ्लेक्टर काही मिलिमीटरच्या एका तारेभोवती आखलेला असतो. ती तार नेमकी तिथेच आणि तेवढीच असणार, हे धरून. बाजारातल्या एलईडी बल्बमध्ये चपट्या दांडीच्या दोन्ही अंगांना चिप चिकटवलेल्या असतात. जागा थोडी हलली, आकार बदलला की उजेड भलतीकडे जातो. गाडीच्या नाकासमोर लख्ख पडतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. पहिल्या रात्री सगळे खूश होतात, कारण जवळचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो. पण नाकासमोर फार उजेड झाला की बुबुळ आकसतं आणि लांबचं उलट कमी दिसतं. बल्बच्या मागचा पंखा किंवा थंड करायची पट्टी दिव्याच्या झाकणात मावत नाही, मग झाकण उघडं राहतं आणि आत धूळ-पाणी शिरतं. बऱ्याच देशांत हे बेकायदाही आहे. जर्मनीत २०२० पासून काही बल्बांना परवानगी मिळाली, पण तीसुद्धा यादीतल्या ठरावीक गाड्यांमध्ये, ठरावीक दिव्यातच. 'कुठल्याही गाडीला बसतो' असं खोक्यावर लिहिलेला बल्ब त्या यादीतला नसतो.

दिराला काम द्यायचंच असेल तर पिवळ्या काचेचं द्या. ती काच नसते, पॉलिकार्बोनेट असतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याचा वरचा संरक्षक थर जातो आणि मग ते पिवळं, धुरकट होतं. बघताना वाटतं जरासा डाग आहे. पण अमेरिकेतल्या एएए या वाहनचालक संघटनेनं २०१८ मध्ये केलेल्या मोजणीत फार धुरकट झालेल्या दिव्यांतून नव्याच्या जेमतेम २० टक्के उजेड बाहेर येत होता. तीन वर्षांत तुमची इतकी गेली नसावी. तरी एवढ्या लवकर पिवळी पडली याचा अर्थ गाडी कायम उघड्यावर उभी होती, तेव्हा छपराचा रंग आणि वायपरचे, दारांचे रबरही बघून घ्या. वरचा थर घासून, पॉलिश करून वर नवा संरक्षक थर दिला तर उजेड बराच परत येतो. नवा थर न देता नुसतं घासलं तर काही महिन्यांत पुन्हा तेच. पिवळेपणा आतून असेल, किंवा आतला चकचकीत भाग करपून काळपट झाला असेल, तर घासून उपयोग नाही, अख्खा दिवा बदलायचा. तसं असेल तर नव्या जोडीचा खर्च गाडीच्या किमतीतून वजा करून मागा. मिळतो.

यानंतर एक रात्र काढा. दोन्ही गाड्या रात्री चालवायला मागा. नव्या गाडीचा विक्रेता कुरकुर करेल, पण करू देतात. पुढची काच आतून-बाहेरून पुसून घ्या. आतल्या बाजूचा तेलकट थर कोणी पुसत नाही आणि रात्री उजेड फुटतो तो त्यातूनच. डॅशबोर्डवर डाव्या-उजव्या हाताला ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते, दिव्याचा झुकाव बदलणारी, ती ० वर आहे ना बघा. वापरलेल्या गाड्यांमध्ये ती कोणीतरी ३ वर करून विसरलेलं असतं आणि मालक वर्षभर दिव्यांना नावं ठेवत असतो. मग रहदारी नसलेल्या मोकळ्या अंधाऱ्या जागी गाडी उभी करा, लो बीम लावा आणि नवऱ्याला गडद कपड्यांत, आपल्या बाजूच्या कडेनं लांब चालत जायला सांगा. दिसेनासे झाले की थांबवा आणि परत येताना पावलं मोजायला सांगा. मग तेच दुसऱ्या कडेला. इथे पावलं कमीच भरतील. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून त्या बाजूचा उजेड मुद्दाम खाली कापलेला असतो. दुसऱ्या गाडीला हेच सगळं. शेवटी मागच्या सीटवर दोन माणसं बसवा आणि तुम्ही समोर लांब जाऊन गाडीकडे बघा. मागे वजन आलं की नाक वर होतं, डोळ्यांवर उजेड यायला लागतो. चकती १ किंवा २ वर केल्यावर तो खाली येतो का, ते बघा.

या वेळी सासऱ्यांना बरोबर न्या. साठीतल्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यावर विशीतल्याच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो, आणि समोरचा झगझगीत दिवा गेल्यावर त्यांना सावरायलाही जास्त वेळ लागतो. ज्या गाडीत त्यांना पुरेसं दिसतं तिच्यात तुम्हाला दिसणारच. रात्री अनोळखी रस्त्यावर त्यांनी चालवावी की नाही, हेही त्यांना तिथेच स्वतःहून कळेल, कोणी सांगायची वेळ येणार नाही.

आता माझं मत. नव्या गाडीचा लो बीम हॅलोजन रिफ्लेक्टर निघाला, आणि तुमच्या पत्रावरून मला तसंच वाटतंय, तर जुनी टॉप व्हेरियंट घ्या. काच साफ करून घ्या किंवा दिवे बदला, चांगल्या कंपनीचे मूळ वॅटचेच नवे हॅलोजन बल्ब जोडीनं टाका, आणि मशीनवर दिव्यांचा झुकाव नीट लावून घ्या. फेसलिफ्ट आली की आधीच्या चेहऱ्याचा भाव पडतो, तो फायदा आत्ता तुमच्या पदरात आहे. विकताना तुमचाही भाव कमी येईल हे खरं, पण सात-आठ वर्षं वापरणार असाल तर तोवर दोन्ही चेहरे जुनेच झालेले असतील. सुट्या भागांची फार चिंता नको, फक्त पुढचा बंपर आणि दिवे नव्या मॉडेलचे तुमच्या गाडीला लागणार नाहीत, हे विमा घेताना आणि गॅरेजमध्ये ध्यानात असू द्या.

नव्या गाडीत खरोखर एलईडी लो बीम असेल आणि नवऱ्याची पावलं तिच्यासमोर जास्त भरली, तर मात्र त्यांचं ऐका आणि नवी घ्या. दोन तयाऱ्या ठेवा. एलईडीचा दिवा बहुधा अखंड असतो, आतला एक भाग गेला किंवा बंपरला ठोकर बसून दिवा अडकवायचा कान तुटला की पूर्ण युनिट बदलावं लागतं. तेव्हा वॉरंटीत आणि विम्यात दिवे कसे धरलेत, हे सही करण्याआधी वाचा. दुसरी गोष्ट त्याच डीआरएलची. संध्याकाळी पुढची पट्टी पेटलेली असते, डॅशबोर्डही उजळलेला असतो, आणि आपल्याला वाटतं दिवे चालू आहेत. बऱ्याच गाड्यांत तेव्हा मागचे दिवे बंद असतात. ऑटो हेडलाइट असेल तर स्विच तिथेच ठेवा, नसेल तर ऑफिसच्या पार्किंगमधून निघताना हातानं लो बीम लावायची सवय करा.

जुनी घेतलीत तर बल्ब बदलताना दिराला एवढंच सांगा, की काचेला बोट लावू नका, कपड्यानं किंवा खालच्या धातूच्या भागाला धरा. बोटाचं तेल लागलं तर तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर उडतो.